विहिरीच्या काठावरचा लाभार्थी

१

सिदू मेंढक्याचं प्रेत शनिवारी सकाळी त्याच्याच विहिरीत सापडलं. विहीर खोल, पाणी पार तळाला गेलेलं. वास सुटला म्हणून त्याच्या धाकट्या भावानं, नाथानं, पडलेल्या बादल्या काढायचा गळ आत सोडला. गळाला आधी घोंगडी लागली आणि घोंगडीमागून सिदू वर आला.

एवढ्यावर भागलं असतं तर मी आपली घरात गुडघ्याला तेल चोळत बसले असते. पोलिसात जमादार म्हणून उभी हयात गेली, आता पेन्शन खाते. कुणाच्या मयतीत नाक खुपसायची मला हौस नाही. पण संध्याकाळपर्यंत अख्ख्या युसूफ वडगावात मोबाईलवर एक फोटो फिरला आणि लोकांनी दिवे लागायच्या आत दारं लावून घेतली.

फोटो सौरपंपाच्या योजनेतला होता. पंप बसवला की कंपनीनं शेतकऱ्याला सोलरच्या प्लेटांखाली उभं करायचं आणि सरकारच्या ॲपमधून फोटो काढायचा. तारीख आणि जागा त्यावर आपोआप छापून येते. तो फोटो वर गेला की कंपनीला अनुदान सुटतं. शेतकऱ्याला योजनेच्या भाषेत लाभार्थी म्हणतात, आणि तो फोटोत दिसला पाहिजे ही अट आहे.

तर ह्या फोटोत सिदू होता. विहिरीच्या काठावर, प्लेटांखाली, डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडी, डोळे बारीक केलेले. तारीख सोमवारची, मार्चअखेरची. आणि केजच्या सरकारी डॉक्टरांनी प्रेत बघून सांगितलं होतं की आठवड्याच्या वर झालं असावं, कमी नाही.

म्हणजे माणूस आत मरून पडलेला आणि तोच वर काठावर उभा राहून फोटो देतोय. पोरांनी फोटो बोटांनी मोठा करून बघितला आणि त्यांची बोबडी वळली. प्लेटांची सावली होती, काठावरच्या शेळीची होती, बाभळीची होती. सिदूची सावली नव्हती.

२

रविवारी सकाळी सारजाबाई माझ्या दारात येऊन बसली. सिदूची बायको. एकाच धनगरवस्तीवर आम्ही वाढलो. मी पोलिसात गेले आणि ती मेंढरामागं राहिली, एवढाच फरक. ती रडत नव्हती. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"वनमालाआक्का, नाथाला धरून नेलंय. ठाण्याचे सोमेश्वर साहेब म्हनतेत, त्यानंच भावाला ढकललं."

"आणि तू काय म्हणतेस?"

"त्याला मी पोसलंय. लगीन होऊन आले तवा पार लहान होता, माझ्या पदराला धरून झोपायचा. त्यो न्हाई करनार."

"मग तो फोटो खोटा?"

"फोटो खरा हाय." तिनं माझ्याकडं बघितलंच नाही. "माझा मालक हाय त्यो. त्याची उभं ऱ्हायाची तऱ्हा मी वळखीत न्हाई काय? त्यो सोमवारी घरी आलता, आक्का. अन् मी घरी न्हवते."

ह्या बाईला आता काय सांगावं? हे दोन्ही एकदम खरं होऊच शकत नव्हतं. नाथा सोमवारपर्यंत माजलगावकडं एका बागाईतदाराच्या रानात मेंढरं बसवून होता, त्याला दहा साक्षीदार. मंगळवारी तो वस्तीवर आला. त्या दिवशी सारजा घरी नव्हती, तो एकटाच. होळीला दोघा भावांचं विहिरीच्या हिश्श्यावरून कडाक्याचं भांडण झालेलं, तेही सगळ्यांदेखत. फोटो खरा धरला तर सोमवारी सिदू जिवंत आणि मंगळवारी त्याच्याजवळ नाथाशिवाय कुणी नाही. फोटो खोटा ठरला तर डॉक्टर खरे, आणि नाथा सुटला. नाथाचं सगळं आयुष्य त्या एका फोटोला टांगलेलं होतं आणि सारजा म्हणत होती फोटो खरा आहे.

"मला पहिल्यापासून सांग," मी म्हणाले. "सिदूला तू शेवटचं कधी बघितलंस?"

"गुरवारी. मी सरपनाला गेलते. आले तर हा न्हाई. वाटलं, नाथाकडं गेला मेंढरापाशी. त्याच्याजवळ फोन न्हवता, कधी धरलाच न्हाई त्यानं."

"रुसून गेला का कुणावर?"

"कंपनीवर रुसलाच हुता. प्लेटा लावल्या दिवाळीच्या मागं, अन् मोटर न्हाई. त्यो म्हनायचा, नुसत्या प्लेटांखाली उभं राहून काय करू, पानी निघू द्या. कंपनीवाले बद्रीअण्णा होळीपासनं रोज जीप घेऊन यायचे, फोटोला चल म्हनून. जीप वाजली की हा मेंढरामागं पसार."

"गुरुवारनंतर कोण आलं?"

"कंपनीचा तानाजी यायचा की. रोज. बांधावरनं हाका मारायचा, सिदूदादा आला का म्हनून. मी म्हनायचे, न्हाई बाबा. मंग सोमवारी कंपनीनं आमा बायांना देवदर्शनाला नारायनगडाला नेलं जीपनं. जीप बिघडली, तितंच मुक्काम झाला." तिनं पदर सारखा केला. "त्यो आला असंल, घर हुडकलं असंल. दाराला कडी बघून विहिरीकडं गेला असंल."

भूत मानत नाही असं मी म्हणणार नाही. नोकरीत एवढी प्रेतं बघितलीत की कुणाचं काय राहून गेलं हे मी कसं सांगू? पण भूत सरकारी ॲपसाठी उभं राहतं हे काही माझ्या गळी उतरेना. मी चपला घातल्या.

३

बद्रीनाथ म्हणजे आमच्या भागातलं मोठं घर. बाप सभापती, चुलता कारखान्यावर संचालक. जमीन एवढी की स्वतःची शीव त्यांना स्वतःलाच नीट सांगता यायची नाही. ह्यांनी पुढारपण सोडून सोलरची कंपनी काढली तेव्हा लोक हसले, मग त्यांच्याच दारात अर्ज घेऊन उभे राहिले. ऑफिसच्या दारात दोन बाजूंना दोन लोखंडी स्टँड होते. एकावर हात जोडलेल्या, हसणाऱ्या शेतकरणीचं माणसाएवढं कापलेलं चित्र. दुसरा मोकळा.

"या जमादारीणबाई," अण्णा म्हणाले. उंच माणूस, आवाज गोड, डोळे झोपेविना सुजलेले. "सिदूचं लई वाईट झालं."

"सोमवारी तुम्हाला भेटला होता का?"

"मी न्हवतो. बायांसंगं गडावर होतो, जीप बंद पडली, माझीच लाज निघाली. फोटो तानाजीनं घेतला."

मी विचारलं की एका फोटोसाठी एवढी धावपळ का? त्यावर हा माणूस जो बोलायला लागला तो थांबेना. त्यातलं निम्मं मला पटलं, हेही सांगते. मार्चअखेरपर्यंत जुना नियम. पुढं नवा: ज्या प्लेटांच्या आतले सेलसुद्धा देशात बनलेत, त्यांनाच अनुदान. अण्णांचं गोदाम बाहेरच्या सेलच्या प्लेटांनी गच्च भरलेलं.

"सरकारनंच सांगितलं घ्या म्हणून घेतल्या. आता सरकारच म्हणतं ह्या चालायच्या न्हाईत. मुदत संपली की त्या प्लेटा म्हणजे नुसती काच. बाई, ह्या ऑफिसात गावची पोरं कामाला हायत, त्यांना मी काय सांगू? मोठ्या कंपन्या वकील लावतेत. माझ्यासारख्यानं काय लावायचं?"

"म्हणून लाभार्थ्यांच्या मागं लागलात."

"लागलो. शिरूर कासारची चार जोडपी ऊसतोडीला गेलती, थेट कारखान्यावर जाऊन फडातनं उचलून आणली फोटोसाठी, अन् परत नेऊन सोडली. कुणाला सोडलं न्हाई मी." ते अभिमानानं बोलले आणि मग एकदम टेबलावरचे कागद आवरायला लागले.

तानाजी बाहेर गाडीवर पाय सोडून बसला होता. कंपनीचा फिटर, पंचविशीचा, चांगला गुटगुटीत पोरगा, पण त्या दिवशी चेहरा उतरलेला.

"सोमवारी सिदू आला होता?"

"आलता की."

"काय बोलला?"

"काय न्हाई. उभा राहिला, गेला."

"कुठल्या वाटेनं गेला रे?"

त्यानं तोंड फिरवलं. खिशातनं रुमाल काढला, घडी घातली, परत उघडला.

"तुमी तिकडं कावून जाता, बाई?" तो हळू आवाजात म्हणाला. "त्या रानात जाऊ नका. मी बी जात न्हाई आता."

४

तुम्ही कधी मराठवाड्यातल्या उन्हात माळावर उभे राहिलात का? रात्रीचं भूत तुम्हाला शहाण्या लोकांनी शिकवलंय. आमच्याकडं उन्हाचं असतं. सगळीकडं लख्ख दिसत असतं, चिटपाखरू हलत नाही, आणि तरी पाठीला कुणीतरी बघतंय असं वाटत राहतं.

फोटोवर दिवस कलतीची वेळ छापली होती, म्हणून मी त्याच सुमाराला सिदूच्या रानात गेले. सारजा आधीच तिथं होती. प्लेटांच्या खांबाशी तिनं फडक्यात बांधलेली भाकरी ठेवली होती, वर कांदा.

"हे कुणाला?"

"घरी कडी बघून गेला ना त्यो. उपाशीच गेला असंल."

तेवढ्यात विहिरीतून फडफडाट झाला आणि पारव्यांचा थवा डोक्यावरून उधळला. मी खांबाला धरलं. सारजा हललीसुद्धा नाही. रान तिचंच, तिला त्यांची सवय होती.

मी मोबाईलमध्ये सिदूचा फोटो काढला आणि जागा ताडून बघितली. मागं बाभळ, डाव्या हाताला काठाचा फुटका दगड, वर प्लेटांची कड. सिदू उभा होता ती जागा पूर्ण प्लेटांच्या सावलीत येत होती. मग त्याची सावली पडणार कुठून? सावलीत उभ्या माणसाची वेगळी सावली पडतच नाही. पोरांनी उगाच गावाचा जीव टांगणीला लावला. मला जरा हसू आलं.

तरी काहीतरी डोळ्यांत खुपत होतं. मी मोबाईल सारजाच्या हातात दिला.

"मी उभी राहते. माझा फोटो काढ."

तिनं काढला. मी बघितला. माझं लुगडं काळपट, चेहरा काळा, नाक-डोळे ओळखू येईनात. मागं सगळा माळ पांढराशुभ्र. सावलीत उभं राहिलं की असंच दिसणार. मग मी परत सिदूचा फोटो उघडला, आणि माझं हसू गेलं.

सिदूच्या तोंडावर ऊन होतं. पटक्यावर ऊन, गालावर ऊन, मिशीखाली नाकाची काळी रेघ. उन्हाला बिचकूनच त्यानं डोळे बारीक केलेले. प्लेटांच्या गच्च सावलीत उभ्या माणसाच्या तोंडावर ऊन येईल कुठून?

त्याच्या तोंडावरचं ऊन दुसऱ्या जागेचं होतं. कुठल्यातरी दुसऱ्या दिवशी, दुसरीकडं पडलेलं.

सिदू सोमवारी इथं आलाच नव्हता. मग ह्या काठावर उभं कोण होतं?

५

तानाजीचं घर गावाबाहेर, ओढ्याच्या पलीकडं. तो नव्हता. त्याची आई छबुबाई अंगणात तूर पाखडत होती. बाई बोलघेवडी, तिनं मला बसवलं, चहा टाकला.

"पोरगं जेवत न्हाई बघा," ती म्हणाली. "काय इचारलं तर खेकसतंय. काल म्हनलं, कडब्याची गंज झाक, अवकाळीचं आभाळ भरलंय, तर तितं जाईना. मग मीच चढले. फ्लेक्स आणून टाकलाय घरात, तर त्याला हात लावू नको म्हनतो. आता चांगला जाडजूड फ्लेक्स का फुकट घालवायचा?"

आमच्याकडं फ्लेक्स कुणी टाकून देत नाही. वाढदिवसाचा असो की श्रद्धांजलीचा, खाली उतरला की दोन दिवसांत कुणाच्या तरी छपरावर चढतो. ऊसतोडीच्या खोप्या बघा, आत माणसं झोपतात आणि वरून नेते हात जोडून हसतात. पोलिसात असताना आम्हीसुद्धा ठाण्याच्या सायकलीवर एका आमदाराला पांघरलं होतं.

मी उठून गंजीकडं गेले. कडबा नीट रचलेला, वर काळी ताडपत्री, आणि शेंड्यावर जिथं पाणी झिरपतं तिथं एक लांबट पांढरा तुकडा आडवा बांधलेला. त्याची पाठ वर होती, तोंड खाली. वाऱ्यानं एक टोक लटकलं होतं. मी वाकून खालून बघितलं.

गंजीच्या आतून सिदू डोळे बारीक करून माझ्याकडं बघत होता.

६

तानाजी आला तेव्हा मी फ्लेक्स अंगणात पसरून बसले होते. माणसाएवढा सिदू, पटक्यापासून वहाणांपर्यंत कडेनं कापलेला, मागून पट्ट्या मारलेल्या. बद्रीअण्णांच्या दारातल्या मोकळ्या स्टँडचा हा मालक. दिवाळीच्या मागं प्लेटा लागल्या तेव्हा सिदू खुशीत होता, पाणी येणार म्हणून. तेव्हा ऑफिससमोर भर उन्हात त्याचा फोटो घेतला होता जाहिरातीसाठी.

पोरगं दारातच बसलं.

"मी मारलं न्हाई, बाई. आईची आन."

"जाळला का नाहीस हा?"

"त्याचं तोंड हाय की त्याच्यावर. जिता माणूस जाळल्यावानी वाटलं. टाकावा म्हनलं तर कुनी उचलला असता." तो डोळे पुसायला लागला. "अण्णा रविवारी म्हनले, सिदू येनार न्हाई. दारातला काढ, उद्या बाया गडावर गेल्या की प्लेटांखाली उभा कर अन् फोटो मार. मी केलं. मला वाटलं रुसलाय. मी खांबाला बांधत हुतो अन् आतनं पारवे उडाले, वास बी येत हुता. म्हनलं कुत्रं पडलं असंल. मी वाकून बघितलंच न्हाई."

छबुबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

मी सोमेश्वरला फोन केला. सोमेश्वर माझ्या हाताखाली शिकलेला, आता ठाण्याचा साहेब. तासाभरात आम्ही तिघं बद्रीअण्णांच्या ऑफिसात होतो, आणि फ्लेक्स टेबलाला टेकवून ठेवला होता. अण्णांनी एकदा त्याच्याकडं बघितलं आणि मग सगळा वेळ भिंतीकडं बघून बोलले.

"चूक झाली," ते म्हणाले. "फोटो खोटा हाय. अनुदानासाठी केला. त्याची काय शिक्षा असंल ती द्या. पण माणूस मी मारला न्हाई. तो फोटोला येईना म्हणून सोंग उभं केलं, एवढंच."

सोमेश्वरनं माझ्याकडं बघितलं. बरोबर होतं की. खोटा फोटो काढणारा खुनी असलाच पाहिजे असं कुठं आहे?

"अण्णा, तुम्ही होळीपासून रोज त्याच्या रानात जात होता," मी म्हणाले. "फोटोसाठी माणसं तुम्ही उसाच्या फडातनं उचलून आणलीत, तुम्हीच सांगितलंत. मुदत सोमवारी संपत होती. सिदू माजलगावला मेंढरापाशी गेला असं सारजाला वाटत होतं, तानाजीला वाटत होतं. माजलगाव काय लांब आहे? कारखान्यापर्यंत जाणारी जीप माजलगावला का नाही गेली?"

"तानाजी रविवारपर्यंत रोज बांधावर जाऊन हाका मारत होता. त्याला माहीत नव्हतं म्हणून तो शोधत होता. तुम्ही मात्र गुरुवारनंतर एकदाही फिरकला नाहीत. ज्याच्यासाठी तुमची झोप उडाली होती, त्या माणसाला तुम्ही शोधायचंच सोडून दिलंत. कावून, अण्णा?"

"तानाजी जातोय म्हणून—"

"आमाला तर तुमी म्हनला, जाऊ नको, टाइम घालवू नको," तानाजी मागून म्हणाला. "मी माझ्या मनानं जात हुतो, अण्णा. मुदत जाईल म्हनून."

"आणि अजून एक," मी म्हणाले. "त्याच्याच रानात, त्याच्याच घरासमोर त्याचं सोंग उभं करायचं. बायकोला तुम्ही गडावर नेऊन अडकवलंत, कबूल. पण सिदू स्वतः मधेच उगवला असता तर? रुसलेला माणूस घरी कधीही येतो. त्याची व्यवस्था तुम्ही केली नाहीत, कारण त्याची तुम्हाला भीती नव्हती. तो येणार नाही हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं."

पंखा फिरत होता. फ्लेक्सचं टोक हलत होतं. अण्णांनी शेवटी सिदूकडं बघितलं.

"एक मिनिट उभा रहा म्हणालो त्याला," ते म्हणाले. "एकच मिनिट. पाणी निघू द्या म्हणाला. मी म्हणालो, बाबा, मोटर आणतो, आधी अनुदान येऊ दे, ते आल्याशिवाय मोटर आणू कुठून. तर म्हणाला, आधी पाणी. सारखं तेच. मी दंडाला धरून प्लेटांखाली ओढला, त्यानं हिसडा दिला. मागं काठ होता."

"आतून आवाज आला होता?" मी विचारलं.

त्यांनी उत्तर दिलं नाही. सोमेश्वरनं तेच परत विचारलं, तरी दिलं नाही. जिवंत असताना जो उभा राहायला तयार नव्हता त्याला ह्यांनी मेल्यावर उभा केला, आणि ज्या जागी पडला त्याच जागी. मला त्या खोलीत बसवेना, मी बाहेर येऊन पायरीवर बसले.

७

नाथा दुसऱ्या दिवशी सुटला. त्याआधी सारजाला ठाण्यात यावं लागलं, कारण फोटोतला माणूस आपला नवरा आहे असं तिनंच लिहून दिलं होतं. सोमेश्वरनं फ्लेक्स तिच्यासमोर धरला. ती बराच वेळ बघत राहिली. मग तिनं त्याच्या गालाला बोट लावून बघितलं, प्लॅस्टिक लागलं, आणि हात मागं घेतला.

"ह्यो न्हाई," ती म्हणाली.

बद्रीअण्णांची कंपनी बंद पडली. गोदामातल्या प्लेटा तिथंच आहेत. सरकारच्या संगणकावर मात्र सिदूच्या नावापुढं अजूनही पंप मिळाला असंच दिसतं, आणि मिळालेल्याला दुसऱ्यांदा मिळत नाही, त्यामुळं सारजाचा अर्ज तो संगणक घेतच नाही. मी तालुक्याच्या ऑफिसात जाऊन भांडले. तिथला माणूस चांगला होता बिचारा. म्हणाला, मावशी, फोटो आहे की.

त्या दिवशी ठाण्यातून परतताना नाथा पुढं मेंढरांकडं गेला आणि मी सारजाला सोडायला वस्तीवर गेले. मला वाटलं होतं तिच्या मनावरचा दगड उतरेल. नवरा घरी आला आणि कडी बघून माघारी गेला, हे काही खरं नव्हतं. तो आलाच नव्हता. मी तिला तसं सांगितलं. उपाशी नाही गेला तो, सारजा, तू काही चुकली नाहीस.

ती विहिरीच्या काठावर बसली.

"म्हंजे गुरवारपासनं त्यो हितंच हुता," ती म्हणाली.

"हो."

"पाडव्याला बी."

सोमवारच्या आदल्या दिवशी पाडवा होता. मी मान हलवली.

"पाडव्याला मी एकटीनं गुढी उभी केली. त्यो आला न्हाई म्हनून लई राग आलता. पोळ्या तशाच झाकून ठिवल्या अन् हितं येऊन बसले, वाटंकडं बघत. हितंच, ह्याच दगडावर." तिनं काठावरून हात फिरवला. "दिवसभर त्याला शिव्या घातल्या, आक्का. मोठमोठ्यानं. सनाला बी घरी येईना, कुठं मेलास, म्हनत हुते मी. कुठं मेलास."

मी तिच्या शेजारी बसले, आणि ऊन उतरेपर्यंत आम्ही दोघी तिथंच बसून राहिलो.